मापवही

म्हापशाच्या बाजारात, सुक्या मिरच्यांच्या रांगेमागे
माझं शिलाईचं दुकान. आठ बाय सहा.
सत्तावीस वर्षं या गावाच्या छात्या मी वहीत लिहिल्या:
चौतीस, साडेछत्तीस, बेचाळीस,
लग्नाआधीची, बाळंतपणानंतरची,
म्हातारपणी उतरलेली.
टेप लावला की बाया श्वास रोखतात.
सोड गो श्वास, मी म्हणायचे,
खोटं माप घेऊन जाशील कुठे?

माझ्या नावाचं पान त्या वहीत नव्हतं.
ते बांबोळीला उघडलं.
डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची,
तिनेही सेंटिमीटरमध्येच सांगितलं:
तीन पूर्णांक दोन.
मला एवढंच सुचलं,
बाहीला आपण दुमड घालतो तेवढं.
परतताना कदंबाच्या खिडकीशी बसून
बोटांनी तेवढं अंतर धरून राहिले,
पर्वरीपर्यंत.

घरी आले तेव्हा दीर म्हणाले,
देवाची कृपा, वाचलीस,
या वयात त्याची तशी गरजही नसते.
त्यांची पॅंट शिवायला आली होती.
तशीच परत पाठवली, उसवलेली.

व्यायाम शिकवणारी पोर म्हणाली,
भिंतीवर बोटं चढवा, पालीसारखी,
पोचतील तिथे खूण करा.
निळा खडू माझ्याकडे होताच.
पहिली रेघ दिव्याच्या बटणांखाली.
पंधरा दिवसांनी बटणांवर.
मग कितीतरी दिवस तिथेच,
एकावर एक,
निळा डाग झाला भिंतीवर.

डावीकडे आधी कापूस भरला.
कापूस हलका, दुपारपर्यंत गळ्याशी येतो.
मग तांदूळ. तांदळाला सोंडे झाले.
(माझ्या छातीत सोंडे! एकटीच हसले, टाके दुखेपर्यंत.)
मग नातवाची उशी आठवली,
डोकं गोल यावं म्हणून शिवलेली, मोहरीची.
वाणी म्हणाला, एवढी मोहरी?
लोणच्यांचा हंगाम गेला, बाय.
म्हटलं, माझा नाही गेला.

कोण कुणाला सांगतं ठाऊक नाही.
दुपारी दीडला, शटर अर्धं खाली असताना
बाया वाकून आत येतात.
मयड्याची एस्पेरांसा भाचीच्या लग्नासाठी आली,
दोन्ही बाजू सारख्या हव्यात, म्हणाली, फोटो असतात.
तिलोत्तमा मास्तरीण उलट:
मला पिशवी नको, डावीकडची चुणी काढून टाक,
आहे तसं शीव, सपाट.
डिचोलीची नफिसा काहीच शिवून घेत नाही.
ओढणी काढते, टोप काढते,
पंख्याखाली डोकं धरून बसते,
म्हणते, घरात सगळे फार चांगले वागतात,
म्हणून इथे येते.

वहीत आता पानाला दोन रकाने,
डावा, उजवा.
एक पान अर्धंच आहे.
पिवळ्या खणाचा ब्लाउज, गळा झाला, हुक राहिले.
सप्टेंबरात नेते म्हणाली होती.
चवथ गेली, दिवाळी गेली.
मी फोन केला नाही.
शनिवारी खुंटीवरून काढते, झटकते, परत लावते.
हुक लावून ठेवावेत, असं कधी वाटतं,
कधी लावू नयेत असं.

परवा एक नवरीमुलगी आली, आईबरोबर.
टेप लावला, तिने श्वास रोखला.
मी काही बोलले नाही.
थांबले, तिने आपणच सोडेपर्यंत.

रात्री भात उतरवला, ओटा पुसला,
भिंतीशी उभी राहिले.
आज बोटं कॅलेंडराच्या खिळ्यावर गेली.
खडू खालीच राहिला होता, टेबलावर.
आणायला गेले नाही.
हात थोडा वेळ तिथेच ठेवला,
चुना गार होता.